अठरा पूर्ण

आधीच सांगून ठेवते, मला धाडसी-बिडसी म्हणू नका. कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. काय झालं ते सांगते. त्यात तुम्हाला धाडस सापडलं तर तुमचं तुम्ही ठेवून घ्या.

आमचा कारखाना म्हणजे एक लांबट हॉल आणि त्यावर लाकडी माळा. रबराचे तळवे कापायचे, ते चपलांना चिकटवायचे, चपला खोक्यात भरायच्या. चिकटवायच्या सोल्यूशनचा वास पहिल्या आठवड्यात डोकं दुखवतो, दुसऱ्या आठवड्यात भूक मारतो आणि तिसऱ्यापासून येतच नाही. नवीन कुणी आलं आणि नाकाला फडकं लावलं की आम्ही हसायचो. मी लागले तेव्हा दहाची होते. हे घडलं तेव्हा तेराची. ताडमाड वाढले होते म्हणून सगळे मला शिडी म्हणायचे. माझी बहीण, धाकटी, नऊ वर्षांची. ती माळ्यावर बसून खोकी दुमडायची. बाप आम्हाला सोडून कधीच गेला होता, आणि आई एका लाँड्रीत दिवसभर उभ्यानं चादरी इस्त्री करायची. तिचे गुडघे कामातून गेले होते. घर आमच्या तिघींच्या हातावर चालायचं.

मी कापायच्या मशीनवर होते. ते मशीन नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. खाली टेबल, वर एक जाडजूड लोखंडी ठोकळा. टेबलावर रबराची शीट पसरायची, तिच्यावर तळव्याच्या आकाराचा धारदार साचा ठेवायचा आणि बटणं दाबायची. ठोकळा खाली येतो, तळवा कापून निघतो. बटणं दोन. एक टेबलाच्या या टोकाला, एक त्या टोकाला. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा हलतो. ज्यानं कुणी हे मशीन बनवलं तो शहाणा असणार. माणसाचे दोन्ही हात बटणांवर अडकले म्हणजे ठोकळ्याखाली हात जायचा प्रश्नच नाही.

फक्त त्यानं मोठा माणूस डोळ्यासमोर ठेवला होता. मोठ्या माणसाला मोठ्या माणसाचा पगार लागतो, आणि आमच्या मालकाचा हात तिथं आखडायचा. आमचे हात काही दोन्ही टोकांना पुरायचे नाहीत. आधी मुकादमानं एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवून बघितलं. पण मशीन त्याच्या वरचढ. दर वेळी दोन्ही बटणं सुटल्याशिवाय पुढचा ठोका द्यायलाच तयार नाही. मग त्यानं डोकं लढवलं आणि एका मशीनला दोन पोरी लावल्या. एक या बटणावर, एक त्या बटणावर. त्याला आम्ही जोडी म्हणायचो. प्रत्येकीचा एक हात बटणावर आणि एक मोकळा. मोकळ्या हातानं शीट सरकवायची, साचा ठेवायचा. मी मोजायचे, एक, दोन. दोनला दोघींनी दाबायचं. दिवसातून हजारदा एक, दोन.

माझ्या जोडीला बोकी होती. घारे डोळे म्हणून बोकी. माझ्यापेक्षा वर्षानं लहान, तोंडानं भारी. मुकादमाची चाल करून दाखवायची, तेव्हा आम्ही दाबून दाबून हसायचो. दोन वर्षं आम्ही एका मशीनवर काढली. शेवटी शेवटी तर मी मोजलं नाही तरी चालायचं. हात आपले आपण चालायचे.

तेच नडलं. एका मंगळवारी, डबा खायच्या जरा आधी, साचा थोडा तिरका बसला. बोकीनं तो सरळ करायला मोकळा हात आत घातला. मी एक, दोन म्हणून दाबलं. मी दाबलं म्हणून काही झालं नसतं. दोन बटणं लागतात. बोकीचा दुसरा हात बटणावर होता, आणि त्यानं सवयीनं दोनला दाबलं. म्हणजे तिनं स्वतःच दाबलं, आणि मी पण दाबलं. हे मी पुष्कळ वेळा मनात उलटंसुलटं करून बघितलंय. काही फरक पडत नाही.

दोन बोटं, पहिल्या पेरापासून. ती ओरडली नाही. मला म्हणाली, "थांब, साचा काढू दे." मग खाली बसली.

मुकादमानं तिचा हात फडक्यात गुंडाळला, टेम्पोत बसवलं आणि जाताना बजावलं की दवाखान्यात दारात बोटं सापडली म्हणून सांगायचं. आम्हालाही सांगितलं. आमचा मुकादम कधी अंगावर हात टाकायचा नाही, आईबहिणीवरून बोलायचा नाही. तसला असता तर बरं झालं असतं, निदान चिडता आलं असतं. त्यानं स्वतः मशीन पुसलं. मला पाणी दिलं. मी डबा उघडला आणि सगळा खाल्ला. हे सांगायला लाज वाटते, पण खाल्ला. मला काहीच वाटत नव्हतं. जेवून मी मशीनपाशी जाऊन उभी राहिले, तर मुकादम विचारतो, तुझी बहीण आता किती वर्षांची.

मी म्हटलं, आठ. एक वर्ष खाल्लं.

तो म्हणाला, वयाचं काय, हात चालतात ना तिचे. स्टूल देऊ पायाखाली. बहिणी-बहिणींचं जमतं, आणि जोडी मोडली की माल अडकतो. मी म्हटलं, ती वेंधळी आहे, तिला डावं-उजवं कळत नाही, एका जागी बसत नाही. जेवढी खोटी निंदा सुचली तेवढी केली. तो हसला. म्हणाला, तू आहेस की शिकवायला. पण गुरुवारी तपासणी आहे, ती एकदा पार पडू दे. शुक्रवारपासून धाकटी तुझ्याबरोबर.

तपासणी कधी होणार ते मुकादमाला नेहमी आधी कळायचं. कसं ते विचारू नका. त्या दिवशी पोरं माळ्यावर खोक्यांच्या मागं बसायची, वर जायची शिडी काढून घेतली जायची, आणि खाली मुकादमाचे मेहुणे, साडू, शेजारी अशी मोठी माणसं कामगार होऊन बसायची. त्यांना ब्रश धरता यायचा नाही. एकदा एकानं सोल्यूशन स्वतःच्या पँटला लावून घेतलं आणि स्टुलाला चिकटला, तेव्हा माळ्यावर आमची हसू दाबताना पुरेवाट झाली होती.

या खेपेला मात्र मी खाली राहणार होते. कापायचं मशीन चालवून दाखवायला कुणीतरी लागणार, आणि मेहुण्यांच्या हातात ते द्यायची मुकादमाची छाती नव्हती. त्यानं मला मशीनसमोर उभं केलं आणि दोन्ही हात पसरायला लावले. मे महिन्यात असंच करून बघितलं होतं, तेव्हा चार बोटं कमी पडत होती. आता छाती टेबलाला लावून, मान एका बाजूला वळवून, बोटांची टोकं दोन्ही बटणांना लागत होती. मी एकटीनं दाबलं आणि ठोकळा खाली आला. मुकादम इतका खूश झाला की त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. दिवसभर असं काम करणं शक्य नव्हतं, पाठ धरली असती, पण दाखवण्यापुरते दहा ठोके जमत होते.

मग त्यानं मला कार्ड करून दिलं. माझा फोटो, वर कारखान्याचा शिक्का आणि वय अठरा पूर्ण. ते गळ्यात घालून मी दोन दिवस वावरले. मुकादम जाता-येता मागून अचानक विचारायचा, वय? मी म्हणायचे, अठरा. हात धुताना, डबा खाताना, शीट उचलताना. वय? अठरा. बुधवारी संध्याकाळपर्यंत त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं उत्तर जायला लागलं.

आईला मी मंगळवारीच सांगितलं होतं. बोकीचं सांगितलं आणि शुक्रवारचं पण सांगितलं. आई पाय शेकत बसली होती. तिनं बोकीच्या आईचं नाव घेऊन हळहळ केली. मग गुडघ्यावरचं फडकं पुन्हा गरम पाण्यात बुडवून पिळलं. धाकटी तिथंच जमिनीवर पालथी पडून खोक्याच्या पुठ्ठ्यावर काहीतरी गिरगटत होती. शेवटी आई म्हणाली, "तू आहेस ना बरोबर. लक्ष ठेव तिच्यावर." मी म्हटलं, बोकीवर पण माझं लक्षच होतं. आईनं माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचं पातेलं उचलून आत गेली. मला तिचा राग आला. पण ती तरी काय करणार होती, हेही मला दिसत होतं, आणि म्हणून आणखी राग आला.

बुधवारी घरी जाताना मी बोकीकडे डोकावले. ती दाराच्या पायरीवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. दारात सापडली म्हणून सांगितलं, असं ती म्हणाली, आणि डॉक्टरनं विचारलं पण नाही की कसलं दार. नसलेल्या बोटांना खाज सुटते म्हणाली, आणि खाजवायचं कुठं. मला हसू आलं, तिलाही आलं. मग तिनं विचारलं, आता माझ्या जागी कोण. मी सांगितलं. ती गप्प बसली. ती गप्प बसलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

गुरुवारी सकाळी अकरा पोरं माळ्यावर चढली. धाकटी सगळ्यात शेवटी. मुकादमानं सगळ्यांना बजावलं की छत कोसळलं तरी आवाज करायचा नाही, खाली उतरायचं नाही, मी सांगेपर्यंत. शिडी काढून मागच्या गल्लीत नेली. मेहुणे ब्रश घेऊन बसले.

तपासणीला एक बाई आल्या. बरोबर फाईल घेतलेला एक किडकिडीत माणूस. बाई घामाघूम झालेल्या, चपलेचा पट्टा तुटत आलेला. त्यांनी आग विझवायची बाटली बघितली, संडास बघितले, मेहुण्यांना दोन-चार प्रश्न विचारले. फाईलवाला खुणा करत गेला. मग त्या माझ्यापाशी आल्या, कार्ड वाचलं आणि म्हणाल्या, चालवून दाखव.

आता लोक मला विचारतात, त्या वेळी मनात काय होतं. काही नव्हतं. मी काही ठरवून आले नव्हते, देवाशप्पथ. मी शीट पसरली, साचा ठेवला, छाती टेबलाला टेकवली. डावा हात बटणावर ठेवला. उजवा पसरला. माझा गाल थंड पत्र्याला लागला होता आणि डोळ्यांसमोर उजवं बटण होतं, हिरवं, मधे रंग उडालेलं. तिथं बोकीचा हात असायचा. उद्या कुणाचा असणार ते मला ठाऊक होतं. बोटं दोन इंच पुढं सरकवली असती तर लागली असती. मी सरकवली नाहीत.

बाई थांबल्या होत्या. मुकादम हसून म्हणाला, घाबरली बघा तुम्हाला, दाब गं.

"हात पोहोचत नाही," मी म्हटलं.

बाईंनी विचारलं, मग रोज कशी चालवतेस. मी सांगितलं, जोडीनं. एक बटण मी, एक दुसरी. त्यांनी विचारलं, दुसरी कुठं आहे. मी म्हटलं, तिची बोटं गेली परवा, ती घरी आहे, उद्यापासून माझी बहीण येणार आहे. हे सगळं मी त्याच आवाजात सांगितलं ज्या आवाजात मी अठरा म्हणायचे. मुकादमाचा चेहरा मला दिसत नव्हता, गाल अजून टेबलावरच होता. मेहुण्यांचे ब्रश थांबले.

"बहीण कुठं आहे?"

मी सरळ उभी राहिले आणि हाक मारली, "धाकटे, खाली ये."

वरून काही हूं की चूं नाही. मी पुन्हा हाक मारली. बाईंनी वर बघितलं. माळ्याला शिडी नाही हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. मुकादम म्हणाला, तिथं अडगळ आहे, उंदीर आहेत. मी तिसऱ्यांदा हाक मारली आणि या वेळी मला रडू फुटेल असं वाटलं, पण फुटलं नाही.

मग खोक्यांच्या मागून धाकटीचा आवाज आला. "ताई, मुकादमांनी नको म्हणून सांगितलंय."

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. गल्लीतून शिडी आणली. पोरं एकेक करून उतरली, अंगाला धूळ, डोळे बारीक केलेले. मालकाला फोन झाले. मशीनला पिवळी पट्टी लावली. मुकादम खुर्चीवर बसला आणि मला फक्त एवढंच म्हणाला की चहा पाजला होता गं तुला. मला अजून ते वाक्य खटकतं, आणि का खटकतं ते कळत नाही. आम्हाला गाडीत बसवून सरकारी कचेरीत नेलं. दोन पोरं वाटेत माझ्याशी बोलेनात. त्यांच्या घरी आता काय होणार ते त्यांना माहीत होतं.

कचेरीत लांब बाक, पंखा, बिस्किटांचे पुडे. बाईंनी समजावलं की चौदाच्या खालच्या सगळ्यांना वसतिगृहाच्या शाळेत पाठवणार, राहणं-खाणं तिथंच, घरच्यांनी फक्त सही करायची. त्या एकेकाला बोलावून यादी करत होत्या. नाव, वय, घर. धाकटीनं नऊ सांगितलं आणि यादीत गेली. माझी छाती इतकी हलकी झाली की मला बाक धरावा लागला. मग मला बोलावलं. बाईंनी पेन टेकवलं आणि म्हणाल्या, तुझं व...

"अठरा," मी म्हटलं.

दोन दिवसांची घोटलेली सवय. माझ्या तोंडातून गेलं आणि मलाच कळलं नाही. त्यांनी कार्डाकडे बघितलं आणि वेगळ्या कागदावर लिहायला लागल्या. तेव्हा कुठं मी भानावर आले. म्हटलं, नाही, तेरा. कार्ड मुकादमानं केलंय. मी तेराची आहे. बाई थकलेल्या होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मी तिथल्या शिपायापेक्षा उंच होते. म्हणाल्या, जन्माचा दाखला आहे? नव्हता. म्हणाल्या, बरं, तुझी आई येऊ दे, आई सांगेल तसं लिहिते.

आई लाँड्रीतून तशीच आली, कपाळाला केस चिकटलेले. बाईंनी तिला सगळं सांगितलं, शाळेचं, वसतिगृहाचं, बोकीचं. आईनं धाकटीच्या कागदावर सही केली. बोलता बोलता धाकटीचा हात हातात घेऊन ती बोटं चाचपत होती. मग बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ही किती वर्षांची.

मी आईकडे बघत होते. मला सुटका दिसत होती, खरंच सांगते. मी मनातल्या मनात त्या शाळेत जाऊन बसले होते, धाकटीच्या शेजारी, खिडकीपाशी.

आईनं आधी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अठरा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, नीट आठवून सांगा, ती तेरा म्हणते.

"पूर्ण झाली," आई म्हणाली. "थोरली आहे माझी."

मी काही बोलले नाही. मशीनपाशी ज्या पोरीला बोलता आलं होतं तिला तिथं बोलता आलं असतं. बोलले असते तर आई खोटी पडली असती, आणि घरात एकटी राहिली असती त्या गुडघ्यांसकट. बाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मी नजर काढून घेतली. त्यांनी वेगळ्या कागदावर शिक्का मारला.

धाकटीला गाडीत खिडकीची जागा मिळाली. ती मला विचारत होती की तिथं काम काय असतं, खोकी असतात का. मी म्हटलं, काही नसतं, नुसतं बसायचं. तिला ते पटलं नाही. गाडी निघाली तेव्हा तिनं हात हलवला, दहाच्या दहा बोटांनी. आई रडली. मी रडले नाही. मी आईच्या मागं चालत घरी आले, तिच्यापेक्षा चार पावलं मागं, आणि ती एकदाही वळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला उशिरा उठवलं, रोजच्यापेक्षा चांगला तासभर. मी विचारलं, हाक का नाही मारलीस. ती माझा डबा भरत होती.

"वाढीचं वय आहे तुझं," ती म्हणाली. "झोप लागतेच." मग तिनं मला लाँड्रीचा पत्ता समजावला. मागच्या दारानं यायचं, आणि कार्ड बरोबर घ्यायचं.